कंबरेचा शेक

पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्याने नवे यंत्र घेतले आणि मला श्रीरामपूरला धाडून दिले. मित्रांनो, मी एक जुने चुंबकाचे यंत्र आहे. एक पेटी, एक खुर्ची आणि डोक्याला टेकवायचे वेटोळे, एवढाच माझा संसार. ज्यांचे मन खचले आहे, झोप उडाली आहे, सकाळी उठतानाच ज्यांच्या अंगातले बळ सरते, त्यांच्या डोक्याशी मी टकटक करते. शॉक देत नाही हो! गुण काहींना येतो, काहींना येत नाही. पण मला भेटल्याचे कोणीच चारचौघांत सांगत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

गेल्या हिवाळ्यात देवळाली प्रवऱ्याहून गोरक्ष आपल्या बायकोला, मोनिकाला घेऊन आला. चुंबकाजवळ धातू चालत नाही, म्हणून केसांतल्या पिना काढायच्या, तर तेवढ्यानेही ती दमत होती. डॉक्टरांनी माझ्या खुर्चीत रोज एक अशा वीस बैठका सांगितल्या. मला चालवणाऱ्या मैत्रेयीला गोरक्ष हळूच म्हणाला, "मॅडम, घरी कंबरेचा शेक म्हनून सांगितलंय. आईला हे न्हाई कळायचं."

म्हणजे मी राबायचे डोक्याशी आणि नाव कंबरेचे!

नवव्या बैठकीला मोनिका म्हणाली, "काल चार तास झोपले, ताई." मी हरखून गेले. दुसऱ्या दिवशी मात्र खुर्ची रिकामी. तिसऱ्या दिवशीही. मैत्रेयीने स्पीकरवर फोन लावला. गोरक्ष अडखळला. "आई म्हनती, कंबर तर चांगली वाकती, आता कशाला हेलपाटे? कांद्याच्या लागणीला नेलंय तिला."

मोनिकाची अकराची वेळ मैत्रेयीने कोणाला दिली नाही. त्या वेळी मी आणि खुर्ची, दोघेच असायचो. एकटेपण यंत्रालाही कळते.

आठवड्याने दार उघडले. मोनिकाचा चेहरा पुन्हा ओढलेला होता. मागे तिच्या सासूबाई, छबूबाई. लागण करता करता मोनिका वाफ्यातच बसून रडली होती आणि सासूला सगळे सांगून मोकळी झाली होती. आता आपली खरडपट्टी निघणार, असे मला वाटले.

छबूबाईंनी मला नीट न्याहाळले. सुनेच्या केसांतली शेवटची पिन स्वतः काढली आणि बैठक संपेपर्यंत मुठीत धरून ठेवली. मग मैत्रेयीजवळ सरकून म्हणाल्या, "बाई, मला बी झोप न्हाई. म्हातारा गेल्यापासून, सहा वर्सं झाली. लोकांना गुडघं दुखत्यात म्हनून सांगते मी."

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तरी चालेल. पण तुमच्या घरात कोणी सारखे कंबर, गुडघे म्हणत असेल, तर त्याच्याजवळ बसा आणि एकदा विचारा, झोप लागते का?