काळनखच्या स्टॉलवर

"काका, या मुठीत शिट्टी कशाला हो?"

दाढीवाल्याने चाकू हातात फिरवत विचारलं. सहाणेवरून मान वर करून धारवाला उत्तर शोधत होता, तोवर दाढीवाल्यानेच ते देऊन टाकलं. "चाकू चालला नाही की वाजवायची. कुणीतरी येतंच मदतीला!"

त्याच्याबरोबरचे पाच-सहा जण खो खो हसले. सगळे चाकूंचे शौकीन. दाढीवाला पेशाने दातांचा डॉक्टर. एक सुतार होता. एक गणित शिकवणाऱ्या बाई होत्या, त्यांना बाकीचे मास्तरीणबाई म्हणत. हत्यारांचं प्रदर्शन कुठेही भरलं तरी ही मंडळी हजर. इतर स्टॉलवर ते पातं उजेडात धरून बघत, आदबीने चार प्रश्न विचारत. काळनख चाकूच्या स्टॉलवर मात्र हसायला येत.

"होकायंत्र आहे, शिट्टी आहे, जाळ पेटवायची कांडी आहे," सुतार म्हणाला. "सगळं आहे हो, धार सोडून."

"काळनख कसलं, नेलकटर!"

"नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा," मास्तरीणबाईंनी समारोप केला.

धारवाल्यालाही हसू फुटत होतं. ते त्याने खोकल्यात घालवलं.

प्रदर्शनाचा तिसरा दिवस. एक टेबल, पाण्याचं घमेलं, दोन सहाणा आणि त्यामागे तो, अंगात दोन मापं मोठा काळा शर्ट. त्याच्या पाठीमागे भिंतभर फोटो: तोंडाला काळं फासलेला एक तगडा गडी, दातांत काळनख. खाली लिहिलेलं, 'प्रत्येक पात्याला कसबी हातांची धार.' ते कसबी हात याचे. एकतीस वर्षं तो कंपनीत पात्यांना धार लावत होता.

मोठे मालक होते तेव्हा कंपनी स्वयंपाकघरातल्या सुऱ्या करायची, माळ्यांच्या कात्र्या करायची. दर दहावं पातं मोठे मालक स्वतःच्या डाव्या हातावर फिरवून बघत. केस साफ निघाले तरच पेटी पुढे जायची. त्यांचा तो हात मनगटापासून कोपरापर्यंत बारा महिने तुळतुळीत असे. ते गेले आणि धाकट्या मालकांनी काळनख काढला. जाहिराती आल्या, काळा रंग आला, शिट्टी आली. आणि भट्टीतला दुसरा शेक बंद झाला.

खरी मेख तिथे होती. पोलाद तापवून तेलात बुडवलं की कडक होतं, पण काचेसारखं. मग मंद आचेवर सावकाश शेकलं की ते मार खायला तयार होतं. त्या शेकाला वेळ लागतो, आणि मागणी तर दारात उभी. भट्टीवर धारवाल्याचा साडू होता. त्याने धाकट्या मालकांना तोंडावर सांगितलं, "साहेब, ही पाती माणसाच्या हातात तुटतील." त्याच दुपारी तो डब्याची पिशवी घेऊन फाटकाबाहेर पडला. जाताना त्याने धारवाल्याकडे एकदा बघितलं होतं. धारवाल्याने मान खाली घालून पुढचं पातं उचललं. तेव्हापासून दोन वर्षं दोन्ही घरांत येणंजाणं नव्हतं. बहिणी-बहिणी काय ते चोरून बोलत.

त्याची मुलगी त्याच कंपनीत पॅकिंगला होती. पुढच्या महिन्यात कायम व्हायची होती.

"एक पैज लावू," दाढीवाल्याने मोबाइल समोर धरत मोठ्याने म्हटलं. "आधी दोर कापायचा, मग लाकूड. काळनख टिकला तर मी सगळ्यांसमोर माफी मागतो."

भोवती गर्दी झाली. धाकटे मालक कोट सावरत आतून आले. नाही म्हणायची सोय उरली नव्हती. "अवश्य," ते हसून म्हणाले. "काका, नवं पातं घ्या. तुमची खास धार लावा."

धारवाल्याने पातं घेतलं. वीस मिनिटं तो सहाणेवर मान मोडून बसला. आवाजावरून त्याला पोलादाचा अंदाज यायचा, आणि हा आवाज चांगला नव्हता. धार फार पातळ काढली तर पहिल्याच घावाला जाईल. त्याने कोन किंचित वाढवला आणि धारेच्या मागे पोलादाचं थोडं अंग ठेवलं. आजाऱ्याला दोन उशा जास्त द्याव्यात, तसं. याहून जास्त त्याच्या हातात काही नव्हतं.

दोर एका ओढीत तुटला. गर्दीतून "वा!" आलं. धारवाल्याने ओले हात शर्टाला पुसले.

मग सुताराने सुकं लाकूड उभं धरलं. दाढीवाल्याने पातं टेकवून वरून ठोकलं. एक. दोन. तिसऱ्या घावाला 'टिक' असा बारीक आवाज झाला आणि धारेचा चंद्रकोरीसारखा तुकडा उडून टेबलावर पडला.

"काळनखचं नख तुटलं!" कुणीतरी ओरडलं. हशाने मंडप भरला.

धाकट्या मालकांचा चेहरा क्षणभर पोराचा झाला. मग ते सावरले. "पातं उत्तमच आहे हो. धार हाताने लावतो ना आम्ही. आता काकांचं वय झालंय, डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत. कोन चुकला असणार. काय काका?"

सगळ्यांच्या माना वळल्या. मोबाइलही वळला.

मास्तरीणबाईंनी तो तुकडा उचलून उजेडात धरला. "कड बघा याची, कुठे वाकलीच नाही, काचेसारखी फुटलीय. हा दोष धारेचा नाही. भट्टीचा आहे." त्या धारवाल्याकडे वळल्या. "काका, तुम्हाला कळतं हे. तुम्हीच सांगा."

धारवाल्याला साडू आठवला. मुलगी आठवली, सकाळी शर्टाला इस्त्री करून देणारी.

"डोळे जरा..." तो म्हणाला. "चष्मा बदलायचाय."

कुणी हसलं नाही. दाढीवाल्याने मोबाइल खिशात टाकला. सुताराने फुटका चाकू हळूच टेबलावर ठेवला, मूठ धारवाल्याच्या बाजूला करून, आणि ती मंडळी पुढे गेली. तीन दिवसांतलं हसणं त्याने सोसलं होतं. हे जाणं त्याला सोसेना.

पण गर्दीत मोबाइल काय एकच होता? संध्याकाळी तो घरी पोचायच्या आत ते चित्रण पोचलं होतं. मुलगी दारातच उभी. "बाबा, तुम्हाला चष्मा कधी होता?"

"हातपाय धुऊ दे आधी," तो म्हणाला.

जेवायच्या आधी साडूचा फोन आला. दोन वर्षांत पहिल्यांदा. इकडचं तिकडचं काही नाही, एकदम विचारलं, "धारेला अंग ठेवलं होतंस ना?"

"हो."

"दिसलं मला. पातं वाचलं नसतं रे तेवढ्याने."

"माहीत होतं."

साडूने फोन ठेवला. रागावून ठेवला की कसा, ते धारवाल्याला कळलं नाही.

सोमवारी धाकट्या मालकांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. ती मोठ्या मालकांनीही कधी दिली नव्हती. "काका, मी काही तुम्हाला काढत नाही. धारेला मशीन येतंय. तुम्ही पॅकिंगला या, मुलीजवळच बसा. ती या महिन्यापासूनच कायम." मग टेबलावरचं पेन सरळ करत ते म्हणाले, "फक्त ते चित्रण बघून बाहेरगावचा मोठा व्यापारी अडून बसलाय. त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांचा एक कागद दाखवायचाय. तेवढं करा."

त्यांचे डोळे लाल होते. रात्रभर झोपले नसावेत. धारवाल्याला त्यांचा राग यायला हवा होता. तो आला नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी त्याला स्टुलावर बसवलं, एका डोळ्यावर झाकण धरायला दिलं आणि समोरच्या तक्त्याकडे बोट केलं.

"वाचा, काका. वरून."

पहिली ओळ त्याने वाचली. दुसरीही वाचली. तिसरीला थांबला.

"पुढे?"

"पुसट आहे."

"पुसट नाहीये ती. नीट बघा. घाई नाही."

त्याने बघितलं. तिसरी ओळ वाचली, चौथी वाचली, पाचवी वाचली, सगळी मनात. सर्वांत खालची मुंगीएवढी अक्षरंही एकेक करून ओळखली. त्यांच्याही खाली, कडेला, छापखान्याचं नाव होतं. तेही त्याने वाचलं.

"नाही दिसत," तो म्हणाला.