धड्याच्या शेवटचं नाव

फोन करायचा की कुलूप काढायचं, एवढाच प्रश्न होता. भगवंतराव गावंड्यांना कुलूप काढणं सोपं वाटलं.

अकोल्याच्या एका कॉलेजात त्यांनी आयुष्यभर ग्रंथालय सांभाळलं. अख्खं पुस्तक झेरॉक्सला नेणाऱ्या पोरांना दारातून परत फिरवणारा माणूस. पण कुणाकडे काही मागायचं म्हटलं की ते उद्यावर ढकलायचे, ती खोड निवृत्तीनंतरही तशीच राहिली.

मागायचं होतं ते नागसेनसाठी. नागसेन त्यांचा शाळेपासूनचा सोबती, मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात राहणारा. साखरेनं त्याचे दोन्ही डोळे नेले आणि पाठोपाठ बायको, मैना, गेली. मग त्याला एकच ओढ उरली, ती प्रणालीच्या पुस्तकाची.

प्रणाली एकेकाळी भगवंतरावांच्या ग्रंथालयात बंद होईपर्यंत बसणारी विद्यार्थिनी. आता ती अमरावतीला एका कॉलेजात तासिकेवर शिकवत होती आणि अकोल्याच्या कापूस जिनिंग कामगारांचा इतिहास लिहीत होती. पहिला भाग तिनं स्वतःच ई-पुस्तक म्हणून काढला होता. दुसऱ्या भागात तिथल्या एका जिनिंगवरचा जुना, गाजलेला संप यायचा होता. नागसेनचे वडील पुंजाजी त्या जिनिंगवर चौकीदार. संप चालू असताना बाहेरून आणलेल्या मजुरांना फाटक पुंजाजीनंच उघडून दिलं, असं सगळी वस्ती म्हणायची. फितुराचा पोरगा म्हणवून घेत नागसेन म्हातारा झाला होता. प्रणालीला त्या वेळी फाटकाशी उभा असलेला एक माणूस सापडला होता. "दुसऱ्या भागात येईल, काका," एवढंच तिनं नागसेनला सांगितलं होतं.

तोवर पहिला भाग तरी कानावर पडावा, अशी त्याची इच्छा. भगवंतरावांनी तो विकत घेतला. पण पुस्तक फक्त ते विकणाऱ्या ॲपमध्ये उघडायचं, आणि नागसेनच्या मोबाइलमधली वाचून दाखवणारी बाई त्या ॲपमध्ये शिरली की मुकी व्हायची. काही दिवस भगवंतरावांनी नदी ओलांडून जाऊन स्वतः वाचून दाखवलं. मग घसा बसला.

"तिले एक फोन लाव न," नागसेन म्हणाला. "म्हनावं, आंधळ्यासाठी पाह्यजे."

"लावतो," भगवंतराव म्हणाले, आणि लावला नाही. पोरीला वाटेल, सरांना फुकटचं हवंय. वाटेल, तिच्या कामावर सरांचा विश्वास नाही. त्यांना काय काय वाटून गेलं. शेवटी घरच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ लावून, दुपारच्या दुपारी खपून त्यांनी पुस्तकाचं डिजिटल कुलूप काढलं. अंधासाठी अशी प्रत करायला कायद्याची ना नाही, हे त्यांना ठाऊक होतं. विकत घेतलेलं पुस्तक, आंधळा मित्र. कुठेच खोट नव्हती. तरी फाइल सुटी झाली तेव्हा त्यांनी उठून खोलीचं दार लावून घेतलं.

नागसेनचा मोबाइल घडाघडा वाचू लागला. फक्त प्रत्येक धडा संपला की ती बाई त्याच सुरात म्हणायची, "ही प्रत भगवंतराव गावंडे यांच्यासाठी."

नागसेन खो खो हसला. "पाह्य लेका! मैनानं जलमभर माह्यं नाव घेतलं नाही, अन् हे बाई धड्याधड्याले तुह्यं घेते."

विकत घेणाऱ्याचं म्हणून ॲपनं घातलेलं ते नाव भगवंतरावांनी राहू दिलं. लपवण्यासारखं काही केलंच नव्हतं.

मैनाचा पहिला स्मृतिदिन आला. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. अशा दिवशी आलेल्यांना एखादं छोटं पुस्तक दान द्यायची वस्तीत रीत. भगवंतराव मागच्या खुर्चीवर बसले होते, तेवढ्यात नागसेन काठी टेकत उभा राहिला.

"या खेपेला कागदाचं पुस्तक नाही," तो म्हणाला. "आपल्याच लोकायचं पुस्तक हाये, भगवंतराव सरायनं मोबाइलवर करून देलं. सून आता सगळ्यायच्या मोबाइलवर टाकते. मैनाच्या नावानं घ्या अन् फुडं वाटा."

सुनेनं, रश्मीनं, नागसेनच्याच मोबाइलवरून बटण दाबलं. मांडवभर टिंग टिंग वाजलं.

उठून एक वाक्य बोलायचं होतं: ही प्रत फक्त नागसेनसाठी आहे, वाटायची नाही. भगवंतराव अर्धवट उठलेसुद्धा. पण माणसं वळून बघायला लागली, कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. "जय भीम, सर. लय मोठं काम केलं तुमी." ते हात जोडून खाली बसले. उद्या नागसेनला समजावून सांगू, असं त्यांनी ठरवलं. पण उद्या त्याच्या आनंदावर विरजण घालवेना, आणि परवा फार उशीर झाला होता.

पुढं महिने गेले. "दुसरा भाग कदी येते रे?" हे नागसेनचं रोजचंच झालं. प्रणाली फोन उचलेना. अखेर भगवंतराव एसटीनं अमरावतीला गेले. ती एका कोचिंग क्लासच्या जिन्यात भेटली, दोन बॅचच्या मधल्या वेळात, बोटांना खडू लागलेला.

"सर? तुम्ही?"

"दुसऱ्या भागाचं विचारायचं होतं."

तिनं मोबाइल काढून त्यांच्यापुढं धरला. "हिवरखेडच्या माझ्या मावशीनं मलेच पाठवलं. म्हणे, तुह्यं पुस्तक फुकटात भेटलं, वाचून राहिलो आमी सगळे. प्रत्येक धड्याखाली तुमचं नाव आहे, सर. मी आधी समजली, दुसराच कोणी भगवंतराव असन."

"नागसेनसाठी काढलं होतं. त्याला दिसत नाही..."

"मग मले मागायचं न! नागसेन काकांसाठी मी उघडी फाइल दिली नसती का? एक फोन, सर. एक फोन करायचा होता."

भगवंतराव कठडा धरून एक पायरी खाली उतरले.

"कॉलेजनं यंदा तास दिले नाहीत," ती जरा खाली आलेल्या आवाजात म्हणाली. "पुस्तक विकलं जात होतं तवर दुसऱ्या भागासाठी हिंडणं परवडत होतं. ते थांबलं, म्हणून हे क्लास धरले. सकाळी येते ते दिवेलागणीला सुटते."

"आणि तो माणूस? फाटकाजवळचा?"

"सूर्यभान बाबा. पातूरचे. पहिल्या भेटीत दमले होते. म्हणाले, पुंजाचं खरं काय ते मले ठाव हाये, पुन्हा ये, निवांत सांगतो. मले सुटीच भेटली नाही, सर." तिनं बोटावरचा खडू पुसला. "मागच्या महिन्यात गेले ते."

वर बेल वाजली. ती निघून गेली.

परतीच्या वाटेवर मूर्तिजापूर मागं पडलं तेव्हा भगवंतरावांच्या मनात एक वाक्य तयार झालं होतं. 'सूर्यभान सांगून गेला, फाटक पुंजाजीनं उघडलं नाही.' एवढं बोललं की झालं. कुणाचं नुकसान नाही. खोटं पाडायला कुणी उरलेलंही नाही. अकोल्यात उतरेपर्यंत त्यांनी ते वाक्य मनात घोकलं.

नागसेन ओसरीवर बसला होता. पावलांवरून त्यानं ओळखलं.

"भगवंता? भेटली का पोरगी? काय म्हने तो मानूस?"

त्याचा चेहरा वर उचललेला होता, डोळे भलतीकडेच. भगवंतरावांनी तोंड उघडलं. वाक्य जिभेवर होतं, पण ते खरं आहे की नाही हे त्यांना माहीत नव्हतं, आणि आता कधीच माहीत होणार नव्हतं. त्यांनी घडलं तसं सगळं सांगितलं. आधी न केलेल्या फोनचं, मग मांडवातलं, मग सूर्यभानचं.

नागसेननं काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"म्हंजे म्याच वाटलं," तो म्हणाला.

"नाही. मी दिलं. आणि बोललो नाही."

"मैनाच्या नावानं वाटलं होतं रे." त्यानं मोबाइल पुढं केला. "पुसून टाक ते."

भगवंतरावांनी फाइल शोधून पुसली. मोबाइल परत त्याच्या हातात देत होते तेवढ्यात कुणाचा तरी मेसेज येऊन तो वाजला, आणि ती बाई नेहमीच्या सुरात वाचू लागली, "भगवंतराव सर, पहिला भाग लय आवडला. दुसरा कधी टाकता?"

नागसेननं मोबाइल उलटा करून मांडीखाली दाबला. आवाज तिथूनही येत राहिला.