त्रेसष्ट नंबरची दाढ

सर्व्हेचा पहिला नियम असा होता, की बायकांनी काहीही सांगितलं तरी आपण त्यांना काही सांगायचं नाही. दुसरा नियम त्याहून अवघड, चेहऱ्यावरही काही दिसू द्यायचं नाही. "बाई चुकीचं बोलली तरी भुवई उचलायची नाही. तुमच्या भुवईवरून पुढची बाई उत्तर ठरवते," असं मोठ्या मॅडमनी बजावलं होतं. आधी बायकांना काय माहीत आहे ते विचारायचं, मग त्यांचा वर्ग घ्यायचा, मग तेच प्रश्न पुन्हा विचारायचे आणि ज्ञान किती वाढलं ते बघायचं. आधीच कोणी उत्तरं फोडली, तर सगळंच मुसळ केरात.

हे ऐकताना ती मान डोलावत होती. ती म्हणजे पेन्सिलताई. हे नाव दवाखान्यात तपासणीला येणाऱ्या गरोदर बायकांनीच ठेवलेलं, कारण फॉर्मवर पेन चालत नव्हतं आणि हिच्या कानामागे कायम एक पेन्सिल खोचलेली असे. तिला स्वतःलाही सहावा महिना होता. प्रशिक्षण अर्ध्या दिवसाचं, त्यातला पाऊण तास तिने बेसिनपाशी ओकण्यात घालवला. त्या पाऊण तासात मॅडम काय बोलल्या हे तिने कोणाला विचारलं नाही. पहिल्याच दिवशी आपण मठ्ठ दिसू नये, एवढीच तिची काळजी होती.

दवाखान्याच्या प्रसूती विभागात, तपासणीच्या खोलीबाहेर एक लांब बाक होता. बायका पोट सांभाळत, पाठीला हात लावून तिथे बसत. कोणाच्या मांडीवर मागच्या खेपेचं पोर असे. पेन्सिलताई समोर स्टुलावर बसून दातांविषयीचे चौदा प्रश्न विचारी. हिरड्यांतून रक्त येत असेल तर ब्रश करावा का? उलटी झाल्यावर लगेच दात घासावेत का? आपण चाटलेला चमचा बाळाच्या तोंडात घालावा का? प्रत्येकाला तीन चौकोन. हो, नाही, माहीत नाही.

उत्तरं मात्र तीन चौकोनांत मावणारी नव्हती. एक शिवणकाम करणारी म्हणाली, "ताई, एका बाळंतपणाला एक दात जातोच. माझे दोन गेले, दोन पोरं आहेत. हिशोब बरोबर आहे की!" दुसरी म्हणाली, बाळ पोटात बसून आईच्या दातांतला चुना ओढून घेतं. तिसरीने प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नाही आणि सगळ्यालाच हो म्हणून मोकळी झाली. चौथीने उलट विचारलं, "तुम्ही काय करता?"

इथेच घोडं पेंड खात होतं. पेन्सिलताई काय करायची, हे तिचं तिलाच समजत नव्हतं. रोज सकाळी ब्रश लाल व्हायचा. सासूबाई म्हणायच्या, "अगं, ब्रशने ओरबाडू नकोस, बोटाने घास." फोनवर आई म्हणायची, मिठाच्या पाण्याने चूळ भर, बाकी काही नको. शेजारीण म्हणायची, रक्त येतंय ते चांगलंच, वाईट रक्त निघून जातं. नवरा बिचारा म्हणायचा, "तूच विचार ना तिथे, दवाखान्यातच तर काम करतेस." दवाखान्यात काम करणाऱ्या बाईला कोणी काही सांगत नाही, हे त्याला कसं समजावणार? तिच्या हातात सगळे प्रश्न होते आणि उत्तर एकाचंही नव्हतं.

मग तिला एक युक्ती सुचली. असली युक्ती फक्त सर्व्हे करणाऱ्या माणसालाच सुचू शकते. जेवणाच्या सुट्टीत तिने भरलेले फॉर्म पुढ्यात घेतले आणि मोजायला बसली. रक्त येत असेल तर ब्रश करावा का? अठ्ठावन्न बायकांपैकी एकेचाळीस जणी नाही म्हणाल्या. एकेचाळीस! त्यांत चार-चार लेकरांच्या आया होत्या. एवढ्या जणी काय खोटं बोलतील? तिला इतकं हायसं वाटलं, की डबा खायचाही राहून गेला. दुसऱ्या दिवसापासून तिने ब्रश फळीवर ठेवून दिला.

सातव्या दिवशी त्रेसष्ट नंबर आली.

फॉर्मवर नाव लिहायचं नव्हतं, नुसता नंबर. कामाचा रकाना आला तेव्हा ती म्हणाली, "बेकरीत, भट्टीवर." तिच्या भुवईला पीठ लागलेलं होतं आणि तिला ते माहीत नव्हतं. आठवा महिना, पहिलंच. उजवा गाल सुजला होता. बोलताना ती त्या बाजूला तळवा धरून बोलत होती.

नववा प्रश्न आला. गरोदरपणात दातांवर उपचार करून घेणं सुरक्षित आहे का?

"तेच तर मला कळत नाहीये," ती म्हणाली. "दाढ ठणकतेय दोन दिवस. घरात म्हणतात, इंजेक्शन दिलं तर बाळाला लागेल. मालकीण म्हणते, जाऊन ये. मी काय करू ताई? जाऊ का?"

पेन्सिलताईने भुवई उचलली नाही. नियम म्हणजे नियम. "मला सांगता येत नाही हो. तुम्हाला काय वाटतं ते सांगा."

"मला काही वाटत असतं तर तुम्हाला विचारलं असतं का?"

आतून नर्सने पुढचा नंबर पुकारला. मग त्या बाईने हळूच विचारलं, "बरं, बाकीच्या काय म्हणतात?"

यावर नियम काहीच म्हणत नव्हता. निदान पेन्सिलताईला आठवत होता तेवढा नियम तरी नाही. आणि समोरचा तो गाल बघून तिचा जीव तुटत होता, काहीतरी दिल्याशिवाय तिला राहवेना. "बहुतेक जणी नाहीच म्हणतात," ती म्हणाली.

बाईने खोल श्वास सोडला. "मग नकोच. नाही लिहा."

पेन्सिलताईने 'नाही'च्या चौकोनात खूण केली. बाई उठताना आभार मानून गेली आणि आपण एका जिवाला आधार दिला, या समाधानात आमची ताई दिवसभर खूश होती.

बारा दिवसांनी एकशे वीस फॉर्म पुरे झाले. तेराव्या दिवशी सकाळी ती गठ्ठा घेऊन मोठ्या मॅडमच्या खोलीत गेली. मॅडम फॉर्म चाळू लागल्या आणि चाळता चाळता त्यांचा चेहरा उजळत गेला. "वा! ऐंशी टक्के चूक! वर्ग घ्यायला किती वाव आहे बघ."

पेन्सिलताईला वाटलं, आपल्या ऐकण्यातच काही गडबड झाली. "चूक म्हणजे? कोणाचं चूक?"

"कोणाचं म्हणजे? यांचं. रक्त येतं म्हणून ब्रश बंद करतात बघ. घाण साचते, हिरड्या आणखी सुजतात, आणखी रक्त येतं. या दिवसांत हिरड्या हळव्या होतातच, म्हणून तर मऊ ब्रशने दोन वेळा घासायचं. उलटी झाली तर आधी साध्या पाण्याने चूळ भरायची, अर्ध्या तासाने ब्रश. आणि दाढ दुखत असेल तर सरळ दातांच्या डॉक्टरांकडे. तिथल्या इंजेक्शनने बाळाला काही होत नाही."

"पण बहुतेक जणी तर..."

"बहुतेक जणींना माहीत नाही, म्हणून तर सर्व्हे आहे, बाई!"

पेन्सिलताईने खुर्चीची पाठ धरली. तिला वाटलं होतं, एवढ्या जणींचं म्हणणं म्हणजे उत्तर. इथे तर तेच दुखणं निघालं. "आणि... गालाला सूज असेल तर?"

मॅडमनी चष्मा काढला. "सूज दिसली तर फॉर्म बाजूला ठेवायचा आणि बाईला त्याच वेळी माझ्याकडे आणायचं. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिथे नियमबियम काही नाही. का, कोणाला होती?"

पहिल्याच दिवशी. तो पाऊण तास. पेन्सिलताईने गठ्ठ्यातून एक फॉर्म ओढून काढला. "त्रेसष्ट नंबरला," ती म्हणाली. "कोण होती ती, कुठे कळेल?"

"नाव लिहीतच नाही आपण. मुद्दामच."

हातात काय होतं? भुवईचं पीठ आणि 'बेकरीत, भट्टीवर' हे दोन शब्द. तिने मॅडमची परवानगी घेतली की नुसतीच पळाली, हे तिला नंतर आठवेना. पहिल्या बेकरीत भट्टीवर सगळे पुरुष होते, ते हिच्या पोटाकडे बघून खुर्ची शोधू लागले. दुसऱ्या बेकरीत म्हणाले, गरोदर बाई? आमच्याकडे नाही. चालून चालून तिच्या कमरेत कळ आली. आपण जे करतोय ते बरोबर आहे का, की यातही काही नियम मोडतोय, हेही तिला कळत नव्हतं.

तिसऱ्या बेकरीच्या मागच्या खोलीत, पिठाच्या गोण्यांना टेकून त्रेसष्ट नंबर बसली होती. तोंडाला फडकं गुंडाळलेलं, डोळे लाल. मालकीण कपाळाला हात लावून म्हणाली, "बघा हो हिला. दोन दिवस नुसत्या दुधावर आहे. तोंडच उघडत नाही. जा म्हटलं तर म्हणते, बाळाला लागेल."

"बाळ हलतंय ना?" पेन्सिलताईने सगळ्यात आधी हेच विचारलं.

बाईने मान हलवली. हलतंय.

"ऊठ. चल माझ्याबरोबर. इंजेक्शनने बाळाला काही होत नाही, मी विचारून आलेय. असं अंगावर काढलं तर मात्र होईल."

ती निमूट उठली. विरोध करायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

दातांचा विभाग त्याच दवाखान्यात होता. प्रसूती विभागाच्या बाकावरून उठायचं, सरळ जायचं, शेवटचं दार. बारा दिवस पेन्सिलताई त्या दारावरून पाणी भरायला जात होती.

दातांचे डॉक्टर पांढऱ्या केसांचे, तोंडाने जरा फटकळ होते. त्यांनी बाईला खुर्चीत घेतलं, दिवा ओढला आणि बघताच प्रसूती विभागाला फोन लावला. पू झालाय, ताप आहे, मी आत्ताच निचरा करतो, नंतर दोन दिवस तुमच्याकडे ठेवून घ्या, बाळाचे ठोके बघा. मग हिरडीत सुई दिली आणि ती बधिर होईपर्यंत थांबले. बाईने पेन्सिलताईचा हात घट्ट धरला होता.

"किती दिवस झाले?" डॉक्टरांनी विचारलं.

"आठ," बाई बोबड्या तोंडाने म्हणाली.

"आठ दिवस! पहिल्याच दिवशी आली असतीस तर दाढसुद्धा वाचली असती. आता वाचेल असं वाटत नाही. कोणी सांगितलं होतं, येऊ नकोस म्हणून?"

"कोणी नाही हो," बाई म्हणाली. "उलट ही ताईच मला शोधत आली. ही नसती तर मी तिथेच पडले असते."

डॉक्टरांनी पेन्सिलताईकडे बघून मान डोलावली. शाबासकीच होती ती. घेऊन गप्प बसता आलं असतं. कागदावर नाव नव्हतं, साक्षीला कोणी नव्हतं, आणि तापात बाईला बहुधा काही आठवतही नव्हतं. पण ते आभार पेन्सिलताईच्या घशाखाली उतरेनात.

"मी सांगितलं," ती म्हणाली. "बहुतेक जणी नाही म्हणतात, असं मीच सांगितलं हिला. मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं म्हणायला मला लाज वाटली."

बाईने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. मग तिने हात सोडला आणि आपल्या पोटावर नेऊन ठेवला.

डॉक्टर म्हणाले, "आ कर. जरा दुखेल आता." बाईने तोंड उघडलं, हत्यार आत गेलं, आणि तिच्या घशातून एक आवाज आला. त्यासरशी तिचा हात पोटावरून सुटला, चाचपडला आणि पुन्हा पेन्सिलताईच्या मनगटावर येऊन आवळला, पहिल्यापेक्षाही घट्ट. ही माफी होती की नुसतं दुखणं, पेन्सिलताईला कळलं नाही. तिने दुसराही हात तिच्या हातावर ठेवला आणि डॉक्टरांचं होईपर्यंत तशीच उभी राहिली.