पंचविसावी

अन्नपूर्णाबाईंनी वहाणा हातात घेतल्या आणि ज्वारीच्या बांधावरून त्या झपाझप चालू लागल्या. शाळेच्या तपासणीला आलेले अच्युतराव मागून शेरवानी सावरत येत होते.

हैदराबाद सरकारच्या सुट्ट्यांच्या यादीत येळवस, शेतात जेवायची ती अमावास्या, नव्हती, आणि औरंगाबादकडच्या या साहेबांनी तिचं नावही ऐकलेलं नव्हतं. नेमका तोच दिवस त्यांनी धरला. अख्खं गाव शेतात जेवायला गेलेलं, मुलींची शाळा ओस. पंधरा मुली हजर नसतील तर शाळा बंद, असा हुकूम होता. शाळा बंद म्हणजे बाईंना पुन्हा दिराच्या घरी, चुलीपुढे. म्हणून त्याच म्हणाल्या होत्या, "चला साहेब, पोरी शेतात दाखवते."

चनमल्लप्पाच्या रानात कडब्याच्या खोपीपाशी उभं राहून बाईंनी हाका मारल्या. आजूबाजूच्या शेतांतून, तोंडातला घास चावतच, पोरी पळत आल्या. साहेब अंबील पीत मोजू लागले. पंधरा झाल्या, वीस झाल्या. बाईंना अगदी भरून आलं.

"चोवीस! वा," अच्युतराव म्हणाले. "अजून एक असती तर शाळेचा दर्जा वाढला असता. हेडमास्तर मिळाला असता तुम्हाला."

"हेडमास्तर कामून, साहेब? सहा वर्षं मीच चालवायलेय की."

"तुम्ही राहालच त्यांच्या हाताखाली. मोठ्या शाळेवर पुरुषमाणूस लागतो, बाई." हे त्यांनी मायेनंच सांगितलं.

तेवढ्यात खोपीमागून लिंगम्मा आली. तिला शाळेत घालावं म्हणून बाईंनी तिच्या आईचा, सिद्धव्वाचा, उंबरा महिनाभर झिजवला, तेव्हा कुठं तिचं नाव पटावर चढलं होतं. बैलांना पाणी पाजून आलेली पोर ओले हात परकराला पुसत रांगेच्या टोकाला उभी राहिली.

"ही कोण?" साहेबांनी विचारलं.

हजेरीपट शाळेच्या कपाटात होता. बाईंनी उगाचच पदर सारखा केला.

"ही शाळेतली न्हाई, साहेब."

साहेबांनी चोवीस लिहून सही केली. लिंगम्मा बाईंकडं बघत राहिली, मग रांगेतून निघून बैलांकडं गेली. सिद्धव्वानं बाईंच्या पानावर भाज्या-डाळींची भज्जी वाढली.

दुसऱ्या दिवशी शाळा भरली. बाई नेहमीसारखी नावं घेत गेल्या. लिंगम्माचं नाव आलं तेव्हा त्यांचा आवाज खाली उतरला, आणि नजर हजेरीपटावरून उठेना.

पोर उभी राहिली.

"हाजीर हाय, बाई," ती म्हणाली. "काल बी होते."