दारिनाचा फोन मालवणात आला

घरी परत येऊन आठवडा उलटला, तरी सायमाचा पाय एका जागी ठरत नव्हता. सकाळचा चहा अर्धाच टाकून ती बंदरावर जायची आणि जेटीच्या टोकाला पोचायच्या आतच परत वळायची. कुणी ट्रॉलरचं इंजिन चालू केलं की तिचे खांदे आपोआप कानांशी यायचे. शेजारच्या बायका तिला बघायला येत, गालावरून हात फिरवत आणि विचारत, "बॉम्ब बघितलंस गो?" ती मान हलवायची आणि फोनकडे बघायची.

युक्रेनमधल्या खारकीवला ती डॉक्टरकीच्या चौथ्या वर्षाला होती. तिथे लेस्या नावाच्या बाईच्या फ्लॅटमधली एक खोली तिने भाड्याने घेतली होती. लेस्या शहरात ट्रॅम चालवायची. नवरा केव्हाच सोडून गेला होता. घरात ती आणि तिची अकरा वर्षांची मुलगी दारिना. फेब्रुवारीत बॉम्ब पडायला लागले तेव्हा तिघी इमारतीच्या तळघरात एका गादीवर झोपल्या. भारतीय मुलांचा घोळका स्टेशनकडे निघाला तेव्हा सायमाने लेस्याचा हात धरला होता. "चल माझ्याबरोबर." लेस्या म्हणाली, "तू जा. दोन दिवसांत थांबेल हे सगळं."

थांबलं काही नाही. सायमा पोलंडमार्गे मालवणला पोचली, आणि मागाहून लेस्याचा एक निरोप आला, "आम्हीही निघतोय." त्यानंतर फोन बंद.

त्या दिवशी ती वडिलांच्या दुकानात बसली होती. गुलामभाईंचं जाळी आणि दोरांचं दुकान बंदराला लागूनच. दुपार कलली होती, बाहेर मासळीचा लिलाव जोरात होता. रहिमा, तिची आई, डबा घेऊन आली होती.

"दोन घास खा गो. सकाळपासून पोटात काय नाय तुझ्या."

तेवढ्यात फोन वाजला. परदेशी नंबर. सायमाने उचलला, आणि पलीकडून बारीक, धाप लागलेला आवाज आला.

"सायमा? मी दारिना."

सायमा उठून उभीच राहिली. डबा कलंडला. "कुठे आहेस? आईला दे फोन."

"आई नाहीये."

मग तुकड्यातुकड्यांत कळलं ते असं. पोलंडच्या सीमेजवळ, ल्विव्हच्या स्टेशनवर लेस्याने आधी मुलीला डब्यात चढवलं आणि बॅग उचलायला ती वळली. मागून लोंढा आला, दार लागलं, गाडी सुटली. मुलीचा फोन आईच्याच बॅगेत. सीमा ओलांडल्यावर लोकांनी तिला एका मोठ्या हॉलमध्ये आणून बसवलं होतं. आईचा नंबर कधी पाठ करायची वेळच आली नव्हती. पाठ होता तो एकच. तळघरात वेळ जात नव्हता तेव्हा सायमा तिला मालवणी आकडे शिकवायची, तेही स्वतःच्या भारतातल्या नंबरावरून.

"हा फोन कुणाचा?"

"इथे एक ताई आहे, बाळ घेऊन बसलीय. तामिला. पण तिची बस आता सुटणार आहे." दारिना हळूच म्हणाली, "आणि दुसरी एक बाई आलीय. म्हणते, माझ्या घरी चल, गरम पाणी आहे, मुली आहेत. गाडी बाहेर उभी आहे."

सायमा म्हणाली, "त्या बाईकडे फोन दे."

क्षणभर खुडखुड ऐकू आली. "नको म्हणते. चल म्हणून हात धरतेय."

"हात सोडव! जागेवरून हलू नकोस. मोठ्याने नाही म्हण. दारिना, ऐकतेस ना?"

लिलाव करणाऱ्याचा आवाज दुकानात घुसत होता. सायमाने एका कानावर तळवा दाबला. गुलामभाई बाहेर धावले आणि लिलाववाल्यावर ओरडले, "जरा गप रवा रे!" आणि खरंच, घटकाभर सगळे गप्प झाले.

रहिमाला फोनवरच्या त्या परक्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं, पण लेकीचा चेहरा कळत होता. "तेची आवस खंय आसा?"

"आईची आणि तिची चुकामूक झाली, अम्मी. बाळ घेऊन बसलेल्या एका ताईच्या फोनवरून बोलतेय. दुसरीच एक बाई तिला घेऊन जाऊ बघतेय."

"मगे ज्या बाईचो फोन आसा, तिका सांग. तिका पण पोर आसा मां?"

सायमाने तामिलाला फोनवर बोलावलं. शब्द धड जुळत नव्हते. ती एवढंच म्हणाली, "तुमची बस जाईल, मला माहीत आहे. मी भारतात आहे, काहीच करू शकत नाही. या मुलीला एकटी सोडू नका."

पलीकडे बाळ रडत होतं. मग तामिलाचा आवाज आला, पण तो सायमासाठी नव्हता. ती कुणाला तरी ठणकावून सांगत होती, "ही माझ्याबरोबर आहे. जा तुम्ही."

गाडीवाली बाई निघून गेली. ती वाईट होती की खरोखरच कुणाला निवारा द्यायला आलेली भली बाई, हे कुणालाच कधी कळलं नाही. सायमा पुढे कित्येकदा त्यावर विचार करत राहिली.

तामिलाची बस तिच्याशिवायच सुटली. दारिनाला तिने आपल्याच कोटात घेतलं आणि दोघी तिथल्या पोलिसांकडे नाव नोंदवून आल्या.

इकडे सायमाने एकेका ओळखीच्याला धरलं. वर्गातल्या मुली, इमारतीतला शेजारी, ट्रॅम डेपोतली लेस्याची मैत्रीण. दुकानात येरझाऱ्या घालत ती तेच तेच बोलत होती, "दारिना सुखरूप आहे, लेस्याला सांगा." रहिमा मागोमाग भाकरीचा तुकडा घेऊन फिरत होती, आणि सायमा न बघताच तोंड उघडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेपोतल्या मैत्रिणीचा फोन आला. लेस्या ल्विव्हच्या स्टेशनातच होती; तिथल्या कुणाच्या तरी फोनवरून तिने डेपोत फोन केला होता. प्रत्येक फलाटावर नाव घेऊन हाका मारून तिचा घसा पार बसला होता. दुपारपर्यंत ती सीमेपलीकडे पोचली. व्हिडिओ कॉलवर सायमाला दिसलं ते एवढंच: हॉलचं दिवे लावलेलं छत, कारण फोन जमिनीवर पडला होता, आणि ऐकू आलं ते दोघींचं रडणं. रहिमाही रडली. गुलामभाई मात्र दोर मोजायला आत गेले.

त्या तिघी, म्हणजे लेस्या, दारिना आणि तामिला, बाळासकट पोलंडमध्ये एका खोलीत वर्षभर राहिल्या. लेस्या एका बेकरीत तवे-ताटल्या घासायची. पुढे डेपोने बोलावलं आणि ती मुलीला घेऊन खारकीवला परतली. सायमाने फोनवर भांडण केलं. "परत जातेस? वेड लागलंय का?"

"तू नाही गेलीस घरी?" लेस्या म्हणाली. "मलाही जायचंय."

आता दारिनाची शाळा जमिनीखाली, मेट्रो स्टेशनात भरते. सायमा दुसऱ्या देशात शिक्षण पुरं करतेय; सुट्टीला मालवणात येते तेव्हाही बातम्या बघून जेटीवर जाते आणि अर्ध्यातून परत येते. दारात उभी असलेली रहिमा दारिनाचंच विचारते, "तां चेडू बरां आसा मां?"

"काल होती," सायमा म्हणते, आणि पुन्हा नंबर लावते.