भार घालून तपासणी

पळून आल्यावर तळ्याकाठच्या बाकावर बसायचं, थोडा वेळ कोणी बोलायचं नाही आणि मग आपापल्या मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायची, हा त्या तिघांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. ज्याचे ठोके सगळ्यांत जास्त, त्याने चहा पाजायचा. ज्याचे सगळ्यांत कमी, त्याला बाकाचं भिंतीकडचं टोक, म्हणजे पाठ टेकायची सोय. आकडा ज्याचा त्याने सांगायचा, पडताळायचा नाही. साठीला टेकलेली माणसं नाडीबद्दल कशाला खोटं बोलतील?

ते टोक कायम कासवाचं. कासव पेशाने लिफ्ट तपासनीस. पळताना तिघांत तोच पुढे असे. नाव पडलं होतं ते त्याच्या संथ नाडीवरून.

त्या दिवशी त्याने मनगटावर बोटं ठेवली. एक ठोका, दुसरा, मग काहीच नाही. मग तीन-चार एकदम, शाळा सुटल्यावर मुलं जिन्यावरून उतरतात तसे. पुन्हा शांतता. छातीत कोणीतरी मूठ उघडतंय-मिटतंय असं त्याला वाटलं. गेला महिनाभर पळून आल्यावर हे असंच होत होतं. थोड्या वेळाने आपोआप थांबायचंही.

"बोला महाराज," बंब म्हणाला. बंब बेकरीवाला होता, भट्टीसारखाच तापट नाडीचा.

"अठ्ठेचाळीस," कासव म्हणाला.

"ऐकलंत मास्तर? माझं शिलाई मशीन आणि याचं भिंतीवरचं घड्याळ. चला, आजही चहा माझ्याच बोडक्यावर."

मास्तर पोहणं शिकवून निवृत्त झाले होते. त्यांनी कासवाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. पण चहा आला आणि विषय बदलला.

कासव पळायला लागला तो वडील गेले त्या वर्षी. वडील दुकानाच्या गल्ल्यामागे बसून असत. दोन पायऱ्या चढले की धाप लागे. एका सकाळी ते त्याच खुर्चीत गेले. तिसऱ्या दिवशी कासवाने बूट विकत आणले. तेव्हापासून लग्न, मुलीचं आजारपण, पाऊस, काही आड आलं तरी त्याचं पळणं चुकलं नव्हतं. आता तो वडिलांच्या वयाच्या पुढे आला होता, आणि पाय थांबवायची त्याला भीती वाटे. थांबलो की ती खुर्ची वाट बघत असणार, असं काहीतरी त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

"मनगटावर घड्याळ आहे ना?" बायको एकदा जेवताना म्हणाली. "मग सारखं मनगट काय चाचपताय? पळून जाणार आहे का ते?"

"सवय."

"सवय नाही. दाढी करतानाही तेच, फोनवर बोलतानाही तेच. उद्या डॉक्टरांकडे चला, नाहीतर मी मास्तरांना फोन लावते."

त्याला डॉक्टर परवडले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी हृदयाची सोनोग्राफी केली आणि पडद्यावरची राखाडी फडफड बोटाने दाखवली. "तुमचं हृदय मजबूत आहे. पंप उत्तम चालतो. फक्त हे वरचे कप्पे थोडे मोठे झालेत. वर्षानुवर्षं खूप लांब पळणाऱ्या काही पुरुषांमध्ये हे दिसतं. असे कप्पे कधीकधी ताल सोडतात. तसं काही होतंय का, ते बघायला हवं."

"म्हणजे पळून पळून बिघडवलं मी?"

"तसं म्हणू नका. न पळणारी माणसं माझ्याकडे जास्त येतात, आणि जास्त वाईट अवस्थेत येतात. पण व्यायामालाही मात्रा असते. तुमची मात्रा कुठे ओलांडली, ते मला आज सांगता येणार नाही. ताल खरंच सुटत असेल, तर पळणं कमी करावं लागेल, कदाचित रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून गोळी. नसेल, तर चालू दे."

मग त्यांनी छातीवर तारा चिकटवल्या आणि कमरेला काड्यापेटीएवढं यंत्र अडकवलं. "उद्या सकाळपर्यंत हे हृदयाचा प्रत्येक ठोका टिपेल. रोज जे करता तेच करा. काही वेगळं वाटलं की हे बटण दाबा. बास."

रोज जे करता तेच करा. कासवाने ते ऐकलं आणि दवाखान्याच्या लिफ्टने खाली उतरला. गेली कित्येक वर्षं तो एरवी जिनाच वापरत असे. ऑफिसला फोन करून रजा टाकली. संध्याकाळचं पळणं वगळलं. घरी आरामखुर्चीत बसला, चहा घेतला नाही, बातम्या लावल्या नाहीत. यंत्र नाडी मोजणार होतं, आणि नाडीच्या बाबतीत त्याला एकच गोष्ट ठाऊक होती: आकडा कमी आला पाहिजे.

फक्त गुडघा ऐकत नव्हता. तो आपला एकसारखा हलत होता.

"पाय हलवू नका हो," बायको म्हणाली. "टेबलावरचे पेले वाजतायत. आणि आज तुम्ही पळायला गेला नाहीत?"

"डॉक्टर म्हणाल्या आराम करा."

तिने भुवया उंचावल्या.

अहवाल स्वच्छ आला. ठोके संथ, ताल सरळ. बाई म्हणाल्या, "रोजच्यासारखाच दिवस होता ना?" तो म्हणाला, "हो." बाकावर बंबाने अहवाल स्वच्छ आल्याचं ऐकलं आणि पाठीवर थाप मारली. छातीत पुन्हा मूठ उघडत-मिटत होती. कासव पाठ टेकून बसला, पण टेकल्यासारखं काही वाटेना.

त्या आठवड्यात एका जुन्या इमारतीच्या लिफ्टची वार्षिक तपासणी होती. केअरटेकर दारातच उभा होता, केस विंचरून, किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन.

"साहेब, कालपासून बंदच ठेवलीय. तेलपाणी केलंय. बघा, लोण्यासारखी चालते." त्याने बटण दाबलं. रिकामी लिफ्ट आवाज न करता वर गेली, खाली आली.

"वजनं कुठायत?"

"राहू द्या ना साहेब. चाललेली दिसतेय की. वजनं चढवायला दोन माणसं लागतील."

"चढवा."

लोखंडी ठोकळे आत गेले. लिफ्ट वर निघाली, चौथ्या मजल्याजवळ थरथरली, थांबायच्या जागी न थांबता वीतभर खाली घसरली आणि मग ब्रेक लागला. केअरटेकरचा चेहरा उतरला.

"हे रोज होतं?" कासवाने विचारलं.

"माणसं भरली की होतं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "रिकामी असली की नाही. म्हणून तर..."

"म्हणून तर रिकामी दाखवलीस." कासव ठरलेलं वाक्य बोलायला लागला, जे तो प्रत्येक इमारतीत बोलत असे. "अरे बाबा, रिकामी लिफ्ट कोणाचीही..."

तो तिथेच अडला. केअरटेकर वाट बघत राहिला. मग त्यानेच हळूच विचारलं, "साहेब, तब्येत बरी आहे ना?"

"लिफ्ट बंद ठेव," कासव म्हणाला. "दुरुस्त झाली की भार घालून पुन्हा दाखव. लपवू नकोस. लोक चढतात तिच्यात."

घरी आल्यावर त्याने बूट न काढताच बायकोला सगळं खरं सांगितलं. ती भाजी चिरत होती. सुरी थांबली.

"म्हणजे त्या यंत्राला तुम्ही फसवलंत?"

"फसवलं असं नाही. नीट बसलो होतो."

"दुसऱ्यांच्या लिफ्टवर ओरडता," ती म्हणाली, "आणि मी इथे रोज तुमच्यात बसून वरखाली करते, त्याचं काय?" ती हसली, पण तिने डोळे पुसले, आणि कांदा तर तिने अजून चिरलाच नव्हता.

खरं काय ते ऐकून डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. हलकंच पळा, कोणीतरी बरोबर असू द्या, चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर लगेच थांबा, असं सांगून त्यांनी पुन्हा तारा चिकटवल्या.

त्या संध्याकाळी मास्तर त्याच्या शेजारून पळत होते. तळ्याला वळसा, पंपघर, झाडांची रांग. कासवाला पहिल्यांदाच आपल्या पावलांचा आवाज मोठा वाटला. पळताना काही झालं नाही. परतीच्या वाटेवर वेग कमी केला, बाक दिसायला लागला आणि छातीतली मूठ उघडली. मिटली. उघडली.

त्याचा हात कमरेशी गेला आणि तिथेच राहिला. अजून काही सेकंद थांबलं तर कदाचित आपोआप जाईल. मास्तरही थांबले.

कासवाने बटण दाबलं. यंत्रातून बारीकसा टिक् आवाज आला, एवढंच.

बाकावर बंब आधीच येऊन बसला होता. "बोला महाराज, किती?"

"मोजता येत नाहीत," कासव म्हणाला. "एकसारखे नाहीतच."

बंबाची बोटं मनगटावरून सुटली. त्याने मास्तरांकडे पाहिलं, मग त्या तारांकडे.

"कधीपासून?"

"दीड-दोन महिने झाले असतील. मी अठ्ठेचाळीस सांगायचो."

"आणि मी चहा पाजत होतो," बंब म्हणाला. मग तो उठून बाकाच्या भिंतीकडच्या टोकाशी गेला, पण तिथे बसला नाही; उलट कासवाला हाताला धरून तिथे टेकवलं. "बस. आज चहा तुझा, पण बसायचं इथंच."

कासव पाठ टेकून बसला. गुडघा अजून हलत होता. तो थांबवायला त्याने त्यावर हात ठेवला नाही.