धुडकूआबाचा बोका

नूतनने साड्यांचा गठ्ठा सोडला आणि नाकाला पदर लावला. वरच्या साड्या कोरड्या होत्या. मधली एक गुलाबी साडी ओली होती, आणि तो ओलावा पाण्याचा नव्हता.

"मुतला का परत?" शेजारची कमल दारातूनच म्हणाली. कमल परभणीकडची, तिचा नवरा रघुनाथ बांधकामावर जायचा. "वास आमच्या चुलीपस्तोर आलाय. तुझा सासरा जित्तेपनी लई सवरून ऱ्हायचा, मेल्यावर कामून असं करायलाय?"

"हळू बोला वो ताई. माय ऐकतील."

"ऐकू दे की. म्या बोक्याला बोलायले, म्हाताऱ्याला न्हाई."

आत नूतनची सासू, प्रमिलाबाई, भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला. "मी आयकं," ती आतूनच म्हणाली. "आनि त्यानीबी आयकं."

नूतनने खाटेकडे पाहिलं. काळा-पांढरा, दांडग्या मानेचा बोका खाटेवर उठून बसला होता, तोंड दाराकडे करून. सासरा धुडकूआबा असाच बसायचा. बोक्याने मान पुढे काढली, पोट आत घेतलं आणि तो खोकला. कोरडा, खरवडून काढल्यासारखा खोकला. कमलचं हसू तिथंच राहिलं. "जाते बाई, भाजी करपल," म्हणून ती गेली.

सुरतेतल्या भेस्तानच्या त्या पत्र्याच्या चाळीत मांजरं काय नवीन नव्हती. लूमच्या कारखान्यांच्या आडोशाला, सुताच्या कचऱ्यात ती व्यायची, पत्र्यावरून फिरायची, दूध उतू जायच्या आत भांड्याजवळ हजर असायची. बायका त्यांना लाटणं फेकून मारत आणि विसरून जात. पण हा बोका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आला, आणि तिथून सगळं बिघडलं.

धुडकूआबा पौषात गेला. आयुष्य सुरतेत लूमवर काढलं, छातीत सूत भरून घेतलं, आणि शेवटची दोन वर्षं त्याचं एकच मागणं होतं, माले गावले लई चाला. मोहखेडे. नंदुरबारच्या पुढं उतरून आत जायचं. मुलगा योगराज लूमवरच, त्याला रजा मिळेना. "आखाजीले जाऊत, आबा," तो म्हणायचा. खानदेशी माणसाची सगळी वचनं आखाजीला पोचतात. आबा मात्र आखाजीपर्यंत पोचला नाही.

घरात माणूस गेलं की पहिल्या आखाजीला त्याच्या नावाने डेरगं भरायचं, म्हणजे मातीच्या मोठ्या घागरीत पाणी, वर डांगर, आंबा, सांजोरी ठेवायची. त्याला जेवायला बोलवायचं, निखाऱ्यावर घास सोडायचा, कावळ्याला पान वाढायचं. हे सगळं गावच्या घरात करायचं. योगराजला तेव्हाही रजा नव्हती, म्हणून डेरगं भेस्तानच्या खोलीतच भरलं. प्रमिलाबाईने पत्र्यावर पान ठेवलं. कावळे तारेवर बसले, माना वाकड्या करून बघत राहिले, एकही उतरला नाही. ऊन डोक्यावर आलं. पुरणपोळीवरचं तूप वितळून पत्र्यावर ओघळलं. मग पत्र्याच्या कडेने हा बोका आला, पान चाटूनपुसून खाल्लं, खाली उडी मारली, उघड्या दारातून आत शिरला आणि सरळ आबाच्या खाटेवर जाऊन बसला. बसला आणि खोकला.

प्रमिलाबाईने डोक्यावरचा पदर सावरला. "ऊनात का?" आलात का, एवढंच ती म्हणाली.

नूतन नंदुरबारच्या कॉलेजातून प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली. मांजर स्वतःचं अंग चाटतं, केस पोटात जातात, त्याचा गोळा होतो आणि तो काढायला ते खोकतं, हे तिला माहीत होतं. सुताच्या कचऱ्यात लोळणाऱ्या बोक्याच्या पोटात केसांबरोबर सूतही जाणारच. आणि बोका साडीवर मुततो तो सूड म्हणून नाही, आपली हद्द आखतो म्हणून. सगळं ठाऊक होतं. तरी बोका आत आला की तिचा हात आपोआप पदराकडे जायचा. एकदा तर साड्या उलगडताना तो मध्ये बसला आणि तिच्या तोंडून गेलं, "आबा, थोडं बाजूले व्हा." बोका उठून बाजूला झाला. त्या दिवशी तिने पुढे काम केलं नाही.

साड्यांचे सुटे धागे कापायचे, टिकल्या चिकटवायच्या, हे काम तिला घरबसल्या मिळालं होतं. लग्नानंतर या शहरात तिचं म्हणावं असं तेवढंच. माल आणून देणारा किरणभाई स्वभावाने बरा, पण त्या दिवशी त्याने गुलाबी साडी नाकापासून लांब धरली.

"बेन, आ शुं छे? पार्टी पाछो मोकलशे."

"धुऊन देते, भाई."

"धोवाथी आ वास जाय? हवे फरी आवुं थशे तो माल बीजीने आपीश. मने कहेता नहीं."

तो गेल्यावर, काम दुसरीला जाईल या धास्तीने, नूतनने बोका घालवायचे जे जे उपाय ऐकले होते ते केले. खाटेखाली लिंबाची सालं पसरली, उंबऱ्यावर मिरचीपूड टाकली, नीळ घातलेल्या पाण्याच्या बाटल्या दारात मांडल्या. घरातली माणसं शिंकून बेजार झाली. बोका बाटल्यांच्या मधून पाय न लागू देता आला आणि खाटेवर बसला. सालं प्रमिलाबाईने केरात काढली होती.

मग योगराजने गोणी काढली.

"त्याले हात लावानं काम नही," प्रमिलाबाई दारात आडवी झाली. "तुन्हा बा शे तो."

"माय, मांजर शे ते."

"मांजर ऱ्हातं तं मांजरना मायक ऱ्हातं. त्याले खाटच काब्र लागस?"

"मऊ शे म्हनीसन."

"मऊ तं तुन्ही गादीबी शे."

योगराजने गोणी परत ठेवली. पण प्रमिलाबाई बाजारात गेली तेव्हा त्याने बोक्याला गोणीत घातलं, ओळखीच्या टेम्पोवाल्याकडे दिलं, आणि टेम्पोवाल्याने त्याला पलसाण्याला एका रंगाच्या मिलच्या आवाराबाहेर सोडलं. प्रमिलाबाई घरी आली, रिकामी खाट पाहिली, योगराजकडून पलसाण्याचं ऐकलं. ओरडली नाही, रडली नाही. तिने ताट बाजूला सारलं आणि भिंतीकडे तोंड करून पडली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी नूतन वरणाची वाटी घेऊन तिच्याजवळ बसली.

"माय, दोन घास खा ना."

"माले भूक नही. त्यानीबी खादं नसई."

त्या आठवड्याच्या शेवटी लूमला वीज नव्हती. सुरतेत ही शांतता फार विचित्र वाटते. रात्रंदिवस खडखडणारे माग थांबले की माणसाला स्वतःचं रक्त ऐकू येतं. भर दुपार होती, वैशाखाची चिकट हवा, पत्रा तडतडत होता. योगराज उघड्या अंगाने जमिनीवर पडला होता. त्याच्या पाठीमागे कोणी तरी खोकलं.

तो वळला नाही. नूतनने पाहिलं, त्याच्या दंडावर काटा आला होता.

बोका खाटेवर होता. अंगावर हिरव्या रंगाचे डाग पडलेले, एक पाय उचलून धरलेला. महामार्ग, नाले, कुत्री, सगळं ओलांडून आला होता. मांजरं अशी परत येतात हे नूतनने वाचलं होतं, कशी येतात हे कुणी नीट सांगितलेलं नव्हतं.

प्रमिलाबाई उठून बसली. तिने पदराच्या टोकाने त्याचा पाय पुसला. मग मुलाकडे पाहून अगदी हळू बोलली, आणि ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"पलसाणं काय त्यानं गाव शे का, भाऊ? जिंदगीभर म्हने, माले गावले लई चाला. आनि तुमी त्याले मिलना दारशी टाकी उनात. आठे ऱ्हावानी त्यानी तरी कोठे हौस शे? तुमी डेरगं आठे भरं म्हनीसन तो आठे उना. धाडानं ऱ्हाई तं घरपावत धाडा."

 योगराज उठला, सदरा अंगात घातला आणि म्हणाला, "मुकादमले सांगी येस. रजा नही दिधी तं काम सोडस."

रजा मिळाली. एका सांगण्यात मिळाली, आणि त्याच गोष्टीने योगराज घरी येऊन डोकं धरून बसला.

उधन्याहून गाडी धरली. बोका झाकणाच्या बांबूच्या टोपलीत, टोपलीवर आबाचं उपरणं बांधलेलं. प्रमिलाबाईने टोपली मांडीवर घेतली ती कुणाला दिली नाही. समोरच्या बाकावरच्या म्हातारीने व्यारा स्टेशनच्या सुमाराला विचारलं, "काय शे वं टोपलीमा?"

"मन्हा मालक," प्रमिलाबाई म्हणाली.

म्हातारी टोपलीकडे, मग नूतनकडे बघत राहिली. नूतन खिडकीबाहेर बघत होती. टोपलीतून खोकला आला. म्हातारीने आपली पिशवी उचलली आणि पलीकडे सरकून बसली. जाताना मात्र टोपलीला हात जोडले.

नवापूर सोडलं तशी हवा बदलली. अंगाचा चिकटपणा गेला, तोंडावर कोरडी झळ लागायला लागली. रिक्षातून मोहखेड्याला उतरले तेव्हा काळ्या रानाला पाय जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या आणि वाऱ्यावर भुसा उडत होता. घराचं कुलूप आबाच्या भावाने, उखाकाकाने, तेल घालून उघडलं. टोपलीत काय आहे ते ऐकून काका हसेल, असं योगराजला वाटलं होतं. काका हसला नाही. "उशीर करात रे," म्हणाला.

प्रमिलाबाईने अंगणात सडा टाकला, टोपली उंबऱ्यासमोर ठेवली आणि गाठ सोडली. "उतरा," ती म्हणाली. "ऊनं आपलं घर."

बोका बाहेर येईना. टोपलीच्या तळाशी अंग चोरून, कान मागे पाडून बसला होता. नूतनला त्याच्या डोळ्यांतल्या मोठ्या झालेल्या बाहुल्या दिसत होत्या. हे भ्यालेलं जनावर आहे, अनोळखी जागेत आणलेलं, हे तिला स्पष्ट दिसत होतं. आणि त्याच वेळी तिला मनापासून वाटत होतं, की याने उंबरा ओलांडावा. तिने सासूकडे पाहिलं. प्रमिलाबाईचे ओठ हलत होते, हात जोडलेले, आणि चेहऱ्यावर अशी भीती, की तो गेला नाही तर आता न्यायचं कुठं.

वाऱ्याची वावटळ अंगणातून फिरत आली. उपरणं उडालं. बोका एकदम उठला, टोपलीबाहेर पडला, ओल्या सड्यावर पाय टेकला, पाय झटकला. उंबऱ्यावर क्षणभर थांबला. आणि आत गेला. आतल्या अंधारात तो कुठल्या कोपऱ्याला लागला ते दिसलं नाही.

प्रमिलाबाई तिथंच मातीत बसली आणि रडली. आबा गेला त्या दिवशी ती रडली नव्हती, आता हेल काढून रडली. गल्लीतल्या बाया जमल्या, तिला धरून बसल्या. त्यांनी काही विचारलं नाही. योगराज भिंतीला टेकून उभा होता. त्याने तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते.

निघायच्या वेळी बोका घरात नव्हता. मागच्या खिडकीतून शिवाराकडे गेला असावा. "शेतले गया व्हई," प्रमिलाबाई सहज म्हणाली आणि स्वतःच्या हाताने कुलूप लावलं. परतीच्या गाडीत ती पोटभर जेवली आणि उधन्यापर्यंत झोपली.

भेस्तानला घर सुनंसुनं झालं. साड्या कोरड्या राहिल्या, किरणभाई जास्तीचा माल टाकून गेला. नूतन खाटेवरच गठ्ठे ठेवू लागली. एका बोक्याची हद्द मोकळी झाली की दुसरी मांजरं ती धरायला येतात, हे तिला माहीत होतं, आणि तसंच झालं. पत्र्यावर एक राखाडी मांजर फिरायला लागलं. ते यांच्या दाराकडे मात्र फिरकलं नाही.

एका सकाळी कमल आली. नेहमीसारखी दारातून बोलली नाही. आत आली, नूतनजवळ बसली, एक साडी उचलून उगाच धागे कापू लागली.

"ते राखुंडी मांजर हाय ना," ती म्हणाली. "आमच्याकडं यायलंय."

"येईल की. चार दिवस येईल, जाईल."

"दूध ठिवलं तर हुंगत न्हाई. च्या पितंय गं. बशीतला."

नूतनचा हात थांबला.

"पांडुरंग असाच बशीत प्यायचा," कमल म्हणाली. पांडुरंग तिचा धाकटा दीर. तो स्लॅबवरून पडला आणि त्याला इथंच तापीकाठी जाळलं, ही नूतन लग्न होऊन यायच्या आधीची गोष्ट. चाळीत त्याचं नाव कुणी काढत नसे. "गावाकडं त्याची माय वाट बघायली व्हती. हे म्हनले, एवढ्या लांब कुटं न्यावं." ती साडीकडेच बघत होती. "कात्री नको देऊ माझ्याकडं, वाकडं कापायले मी."

हद्दीचं सगळं शास्त्र नूतनच्या ओठांवर होतं. तिने कमलच्या हातातली कात्री घेतली आणि खाली ठेवली.

"नूतन, आमच्या गावाला, गंगाखेडला जायला गाडी कोनती बसती गं?"

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता. प्रमिलाबाई ऐकत होती.

"एका गाडीने नाही जाता येत, ताई," नूतन म्हणाली. "मनमाडला बदलावी लागते. बसा, सांगते."